मोहाखालच्या खुणा

"पयले सांग, मंग शिव."

सर हे म्हणायचे तेव्हा त्यांच्या शर्टाच्या कॉलरला सुई खोचलेली असायची आणि तिच्यातला काळा दोरा खिशापर्यंत लोंबत असायचा. एखाद्या पोराने नवा बॅज आपल्या ब्लँकेटवर ठेवून घाईने पहिला टाका घालायला घेतला, की सर त्याचं मनगट धरायचे. बॅज कसा मिळवला ते आधी सगळ्यांसमोर सांगायचं. ऐकणाऱ्यांपैकी एकानेही "असं नाही झालं सर" म्हटलं, की बॅज परत पत्र्याच्या डब्यात. पुढच्या शनिवारी पुन्हा सांगायचं, खरं सांगायचं, आणि मगच सुई धरायची.

तुमच्याही शाळेत एखादे स्काऊटचे सर असतील. शिट्टी, खाकी आणि पंधरा ऑगस्टला पोरांना उन्हात उभं करणं, एवढंच काम असलेले. आमचे सर तसे नव्हते, आणि खरं सांगते, सुरुवातीला मला त्यांचा वैतागच यायचा. मी गोंदियाहून सकाळच्या गाडीने सौंदडला उतरायचे आणि तिथून बसने शाळेत पोचायचे. शनिवारी लवकर शाळा सुटली की मला परतीच्या गाडीचे वेध लागायचे. पण मुलींच्या गाईड पथकाला बाई लागते म्हणून हेडसरांनी माझं नाव कागदावर घातलं होतं. गाईड कॅप्टन मी. गाठी, तंबू, चूल, रानात माग काढणं, हे सगळं शिकवणारे सर. मी लागेल तिथे सही करायचे आणि व्हरांड्यात वह्या तपासत बसायचे.

"मॅडम, एक तरी गाठ शिका जी," ते म्हणायचे.

"भाजीच्या पिशवीची येते मला. पुरे."

"तेच दाखवा मंग." आणि खरंच हातात सुतळी द्यायचे.

शनिवारी दुपारी आठवीच्या वर्गापुढे सगळे गोल करून बसत. शेकोटीला पांघरायचं आणि बॅज शिवायचं ब्लँकेट सगळ्यांकडे कुठून असणार? कुणी आजोबांची शाल आणलेली, कुणी आईच्या जुन्या लुगड्याची वाकळ. सरांचं मात्र खरं ब्लँकेट होतं. राखाडी, जाड, एका कडेने उंदरांनी कुरतडलेलं, आणि धुराचा असा वास की मला शिंका सुरू व्हायच्या. त्यावर त्यांच्या सगळ्या आयुष्याचे बॅज होते. चोरखमाऱ्याच्या शिबिरातला होता, केरळच्या कुणा पोराशी अदलाबदल करून मिळवलेला हत्तीचा होता. अंगावर घेतलं की हनुवटीशी येणारा बॅज पथदर्शकाचा. ज्याला रानातला माग ओळखून दुसऱ्याला वाट दाखवता येते, त्याला तो मिळतो. सरांना तो चौदाव्या वर्षी मिळाला होता. त्याचा दोरा झिजला की ते तो पुन्हा शिवायचे, बारीक टाक्यांनी, आणि शेवटी दोरा दातांनी तोडायचे. मी एकदा कात्री पुढे केली.

"कात्री कायले? दात पडले का माहे?"

दोन पडले होते. पण ते कुणी बोलायचं नाही.

रोशनी याच गोलात बसायची. जंगलालगतच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वाडीवरची, नववीतली, उंच आणि कमी बोलणारी पोरगी. सहा मुलींच्या संघाची ती नायिका होती. एकदा तिला स्वयंपाकाचा बॅज मिळाला. तिने सुई हातात घेतली आणि म्हणाली, "सर, त्या दिवशी भात खाली लागला होता. तुमाले सर्दी होती, म्हून वास नाही आला." सर इतके हसले की ठसका लागला. बॅज डब्यात गेला. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा भात करून दाखवला. ही अशी मुलगी होती, हे लक्षात ठेवा.

तिची राज्यपातळीच्या चाचणीसाठी निवड व्हायची होती. आमच्या शाळेतून आजवर कुणी गेलं नव्हतं. त्यासाठी शेवटची एकच परीक्षा राहिली होती. तिने आपला संघ घेऊन, कुणाही मोठ्या माणसाशिवाय, रानातल्या खुणांवरून चालत नाल्यावरच्या बंधाऱ्यापर्यंत पोचायचं. तीनेक किलोमीटर. नववीची परीक्षा आटोपल्यावर, एप्रिलमध्ये आम्ही दोन दिवसांचं शिबिर घेतलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी सर एकटे जाऊन खुणा मांडून आले. काड्यांचे बाण, पानांचे ढीग.

"दगडाच्या का नाही मांडल्या?" मी आपलं विचारलं.

"दगडं कोनालेबी दिसतेत. माह्या पोट्ट्याईले काड्या दिसल्या पायजेत," ते म्हणाले. त्या बोलण्यात ऐट होती. मला ती आवडली, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

सकाळी साडेसहाला सहा मुली निघाल्या. प्रत्येकीच्या पाठीवर पाण्याची बाटली आणि थाळी, रोशनीच्या गळ्यात शिट्टी. सर आणि मी मोटारसायकलवरून रस्त्याने फिरून बंधाऱ्यावर जाऊन बसलो. आठपर्यंत त्या यायला हव्या होत्या.

साडेआठ झाले. सरांनी शिट्टी वाजवली, उत्तर आलं नाही. नऊ झाले. सर बंधाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. ते मोहाचे दिवस होते. पहाटे मोहफुलं पडतात आणि ती खायला अस्वलं येतात. आमच्या भागात दर वर्षी कुणी ना कुणी मोह वेचायला गेलेलं माणूस अंगावर टाके घेऊन परत येतं. हे मला गोंदियात राहूनही माहीत होतं. सरांना तर रांगायच्या वयापासून माहीत होतं.

"मॅडम, तुमी इथंच थांबा. मी पाहून येतो."

"मुली माझ्या नावावर आहेत. मी येणार."

"चपला हायेत तुमच्या पायात."

"असू देत."

आम्ही खुणांच्या उलट्या दिशेने निघालो. शेवटचा बाण जागेवर होता. त्याच्या आधीचाही होता. सर प्रत्येक खुणेशी वाकत, आजूबाजूची माती बघत, आणि मान हलवत. एकाही मुलीचं पाऊल उमटलेलं नव्हतं. म्हणजे त्या इथवर आल्याच नव्हत्या. पुढे चढ लागला. मला धाप लागली होती, चपलेचा पट्टा तुटला होता, आणि मनात एकच हिशोब चालला होता की सहा घरांत जाऊन काय सांगायचं. रोशनीचा बाप आदल्या दिवशी तिला सोडायला आला होता. "मॅडम हायेत ना सोबत, मंग काई भेव नाही," असं म्हणून गेला होता.

चढावर मोहाची चार मोठी झाडं होती. त्यांच्याखालची जमीन अंगणासारखी स्वच्छ झाडलेली होती, मधे पाला जाळल्याचे काळे डाग, आणि एक म्हातारी बाई टोपलीत फुलं वेचत होती.

"बाई, सहा पोट्ट्या गेल्या का इकडून?" सरांचा आवाज फाटला होता.

"आयकल्या जी. तिकडं मोठ्या गोट्याईच्या बाजूनं गानं म्हनून राहिल्या होत्या. मले वाटलं, सहल होय."

माझे पाय तिकडे वळलेच होते. सर मात्र जागचे हलले नाहीत. ते जमिनीकडे बघत होते.

"इथं काड्याईचा बान होता बाई. दोन होते."

"पाला तं मी पहाटंच झाडला, जाळला. काड्या होत्या चार-सहा. चुलीले ठेवल्या." तिने शेजारच्या मोळीकडे बोट केलं.

सरांनी मोळीतून एक काडी ओढली. टोकाची साल सोललेली होती. आपल्या बाणांना ते अशीच खूण करायचे. मोह पडायला लागला की बाया झाडाखालचा पाला झाडतात, जाळतात, म्हणजे फुलं वेचायला सोपी जातात. दर वर्षी, प्रत्येक झाडाखाली. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि सरांनी, सात पिढ्या झाडीत काढलेल्या घरच्या माणसाने, नेमक्या मोहाखाली काड्या मांडल्या होत्या.

त्यांनी काडी परत मोळीत ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही पळत सुटलो.

मोठ्या खडकांच्या आडोशाला सहाही जणी पाठीला पाठ लावून गोल बसलेल्या होत्या. हातात स्टीलच्या थाळ्या. गाणं संपलं होतं, नुसत्या थाळ्या वाजत होत्या, आणि सगळ्यांत लहान मुलगी रडत रडत वाजवत होती. रोशनीचा ओठ शिट्टी फुंकून सुजला होता. मधल्या चढामुळे आम्हाला काही ऐकू आलं नव्हतं. सरांनी एकेकीच्या डोक्याला हात लावून सहा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मग स्वतः मातीत बसले.

"अस्वल आलं होतं सर," रोशनी म्हणाली. "त्या येनाच्या झाडापर्यंत. आमी थाळ्या वाजवल्या, थांबलं, अन् गेलं. मंग आमी उठलोच नाही. माग सरला का बूड टेकवा, असं तुमी सांगतलं होतं."

"बराबर केलं."

"पन तिसऱ्या खुणेनंतर माग भेटलाच नाही. माही नजर चुकली."

सरांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि लावलं. पाणी प्यायले नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता सांगतील, आता सांगतील. ते म्हणाले, "चला, उन्हं तापली."

सोमवारी हेडसरांच्या खोलीत बैठक झाली. एका मुलीचे वडील गावात वजन असलेले होते. त्यांचा आवाज बाहेरच्या झेंड्याच्या खांबापर्यंत जात होता, आणि त्यांचं चुकतही नव्हतं. ते गेल्यावर हेडसरांनी कागद पुढे ओढला. "देखो मॅडम, बात वाढवायची नाही. चौकशी लागली तर आपण सगळे लटकू. संघनायिकेच्या निष्काळजीपणामुळे मुली रस्ता चुकल्या, असं लिहून टाकू. पोरीचं जास्तीत जास्त काय होईल? यंदा नाव जाणार नाही."

यंदा म्हणजे कायमचंच. पुढल्या वर्षी दहावी, मग कोण पाठवतंय.

रोशनी दाराशी उभी होती, तिचा बाप तिच्यामागे हात जोडून. "काय सर, असंच झालं ना?" हेडसरांनी विचारलं.

सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांची निवृत्ती तीन वर्षांवर होती आणि ते पथक म्हणजे त्यांचा जीव की प्राण होतं. ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

हेडसरांनी बापलेकीला बाहेर पाठवलं आणि कागद माझ्याकडे सरकवला, कारण गाईड कॅप्टन मी होते. मोहाखालची बाई जे बोलली ते सरांनी ऐकलं होतं आणि मी ऐकलं होतं, तिसऱ्या कुणी नाही. मला वाटलं, सर गप्प आहेत तर मी कोण बोलणारी? मी सही केली. पेन नीट चालत नव्हतं म्हणून दोनदा गिरवली.

त्या आठवड्यात सर स्टाफरूममध्ये आले नाहीत. डबा वर्गातच खात. वाटेत भेटले तर मला नमस्कार करत, आणि तो नमस्कार मला नको वाटायचा.

शनिवारी नेहमीसारखे सगळे गोल बसले. मी बाजूला वह्या घेऊन. रोशनीने आपलं ब्लँकेट पसरलं आणि दप्तरातून अर्धं ब्लेड काढलं. तिच्याही ब्लँकेटवर पथदर्शकाचा बॅज होता, आदल्या हिवाळ्यात मिळवलेला. तिने त्याच्या कडेचा टाका ब्लेडने उचलला.

"काय करून राहिली?" सरांनी विचारलं.

"उसवून राहिली. मी वाट चुकवली ना सर. मंग हा कायले ठेवू?"

तिच्या आवाजात रडू नव्हतं. भात लागला होता हे सांगताना होता, तसाच आवाज होता. तिने एक टाका तोडला, दुसऱ्याला ब्लेड लावलं. सरांनी हात पुढे करून तिच्या हातातून ब्लेड काढून घेतलं. मग स्वतःचं ब्लँकेट मांडीवर ओढलं, हनुवटीजवळचा बॅज शोधला, आणि उसवायला लागले. कितीतरी वर्षांत एकावर एक घातलेले टाके होते ते. सुटता सुटत नव्हते. ब्लेड एकदा अंगठ्यात गेलं. उसवता उसवता ते सांगत होते.

"खुना मी मांडल्या. काड्याईच्या, मोहाखाली. मोह पडून राहिला तं बाया पाला झाडतेत, हे मले ठाऊक. तरी मांडल्या. मले मिजास होती. बाईनं पाला जाळला, काड्या चुलीले नेल्या. तिथं खूनच नोहोती, तं रोशनी पायनार काय? ते बसली, पोट्ट्याईले बसवलं, म्हून सहाच्या सहा घरी आल्या." त्यांनी अंगठ्याचं रक्त ब्लँकेटला पुसलं. "अन् सोमवारी हेडसरच्या पुढं मी मुकाट बसलो. हे दुसरी चूक. हे पयलीपेक्षा मोठी. कोनाले वाटते का, असं नाही झालं म्हून?"

गोलातून कुणी काही बोललं नाही. बॅज सुटला. त्याच्या जागी मूळचा राखाडी रंग दिसत होता, नवा कोरा. सरांनी बॅज डब्यात टाकला आणि रोशनीच्या बॅजचे तुटलेले टाके स्वतःच्या हाताने पुन्हा घालून दिले. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. "मॅडमनं बी आयकलं होतं," एवढे चार शब्द ते बोलू शकले असते. मी लाल पेन हातात धरून तशीच बसले. मग माझी बस आली.

सरांनी त्याच दिवशी सगळं लिहून हेडसरांना दिलं. आरडाओरडा झाला. माझ्या सहीचा कागद हेडसरांनी माझ्यासमोर फाडून टोपलीत टाकला. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि याची आज लिहितानाही लाज वाटते. रोशनीचं नाव पुढे गेलं. ती चाचणीही पास झाली. सरांकडून मात्र पथक काढून घेतलं, एका तरुण शिक्षकाला दिलं. तो बॅज पाकिटातून वाटायचा. शनिवारचा गोल बंद झाला. सर शेवटची तीन वर्षं नुसता भूगोल शिकवत राहिले.

निरोप समारंभाच्या दिवशी मी धीर करून विचारलं, "सर, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"तुमचं तुमच्यापाशी जी," ते म्हणाले. "ते दुसऱ्यानं सांगाची गोष्ट नोहोय." आणि बुंदीच्या लाडवाची पिशवी माझ्या हातात देऊन तिला गाठ मारून दिली.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. छातीत दुखलं आणि दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. मी तेराव्या दिवशी त्यांच्या घरी गेले तेव्हा काकूंनी त्यांचे कपडे अंगणात उन्हाला घातले होते. रोशनी आली होती. ती आता गोंदियाला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने माझ्या पाया पडून मला बाजेवर बसवलं, चहा आणून दिला. दहावीच्या वर्षभर ती माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसायची. शिक्षकदिनाला फूल आणून द्यायची. मला तिच्याकडे नीट बघता यायचं नाही, आणि ती मात्र सरळ बघायची.

कप अर्धा राहिला होता. काकू आत होत्या. मी म्हटलं, "रोशनी, त्या दिवशी मोहाखालची बाई बोलली ना, तेव्हा मीही तिथे होते. मी सगळं ऐकलं होतं."

"मले ठाऊक हाये मॅडम."

"सरांनी सांगितलं?"

"सरनं नाही. दहावीत होती तवा मोह वेचाले गेली, तं ते बाई भेटली. म्हने, गुरुजी अन् मॅडम दोगंबी होते."

"मग इतकी वर्षं काही बोलली का नाहीस?"

"तुमी सांगान म्हून वाट पाहून राहिली होती."

मग मी तिला सहीचंही सांगितलं. ते तिला ठाऊक नव्हतं.